हळदीच्या पत्रिकेवरचं बटण

माझ्या चुलत बहिणीच्या हळदीत जेवण कमी पडलं, त्याला मी काढलेलं एक बटण जबाबदार आहे. (बटण देखणं होतं. एवढं आधीच सांगून ठेवतो.)

मी ग्राफिक डिझायनर, बायको तनुजा इंटरॅक्शन डिझायनर. म्हणजे वस्तू दिसते कशी ते मी बघतो आणि माणसं ती वापरतात कशी ते ती बघते. निदान असं ती म्हणते! गव्हाणच्या नामाकाकांनी मोबाईलवर पाठवायची पत्रिका मागितली, तेव्हा ती म्हणाली, "मीही बसते सोबत."

"एका बटणासाठी दोन डिझायनर? माझं मी करतो."

"सगळं?"

"सगळं!"

आणि केलंच! हळदीचा पिवळा, कडेने आंब्याची पानं, खाली सोनेरी बटण: 'येणार असाल तर दाबा'. असं फुगीर, की न येणाऱ्यालाही दाबावंसं वाटेल. मी पत्रिका तनुजाला पाठवली. बटण चालतं करणं तिचं काम, ते वेगळं काय सांगायचं? आणि 'सगळं' झालंय म्हटल्यावर तिने ती तशीच काकांना धाडली. काकांनी गावभर.

उत्तर एकही नाही! मी तनुजाला विचारायचो, "आली उत्तरं?" ती मलाच विचारायची, "आली?"

काकांचा चेहरा उतरला. "माज्या पोरीच्या हळदीला कोनीच येत नाय? काय वाकडा केलाय मी लोकांचा?"

"काका, फोन करून विचारू या," मी म्हटलं.

"आमंत्रन दिलाय मी. आता पाया पडू काय?" त्यांनी डोळे पुसले आणि मटण निम्म्यावर आणलं. मला लोकांचा भयंकर राग आला. इतकी सुंदर पत्रिका, आणि ही माणसं!

हळदीला अख्खा गाव आला. शिवाय उलव्याचे पाहुणे, टेम्पो भरून!

एक मावशी मोबाईल नाचवत माझ्यावरच आली. "तुजा बटन दाबून आंगठा सुजला रं! मोबाईलची काच खराब हाय बोलला दुकानवाला, नवी बसवली. तरी नाय!"

तनुजाने पत्रिका पाहिली, मग मला. "हे नुसतं चित्र आहे?"

"पण चांगलं आलंय ना?"

मटण पहिल्याच पंगतीत संपलं. शेजारणींनी चुली पेटवून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीचं कालवण केलं. काका मात्र मांडवात, "आले रं, सगले आले!" म्हणत एकाच वेळी रडत आणि हसत होते.

मी शेवटच्या पंगतीला बसलो. काकी समोर आली, हातात रिकामं पातेलं. तिने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. पहिल्या पंगतीतल्या भरल्या ताटाचा फोटो होता.

"दाब, बाला. जेवन येल."

भूक फार लागली होती हो. मी दाबलं!