उलट्या बाजूनं आलेली टोपी

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनातली ती एकांकिका इतकी काळीकुट्ट होती की तालमीलाच पोरी घाबरायच्या. सूर्य विझलाय, माणसं जमिनीखाली बोगद्यात राहतात आणि कुणाला किती श्वास द्यायचा हे एक यंत्र ठरवतं. यंत्र म्हणजे तेलाचे रिकामे डबे एकावर एक रचलेले, तरी त्याची धास्ती वाटायची. लिहिणारा आणि बसवणारा आमच्याच वर्गातला, सांगलीतल्या एका वकिलांचा मुलगा. स्वतःला फार शहाणा समजायचा, आणि थोडासा होताही. प्रेक्षक गुदमरतील म्हणून त्यानं मध्येच जुन्या मूकपटांची एक नक्कल घातली. वाऱ्यानं उडालेली टोपी पकडायला एक माणूस धावतो, दर वेळी त्याचाच पाय लागून ती पुढं जाते आणि शेवटी तो पोलिसावर जाऊन आदळतो. तो माणूस मला व्हायचं होतं.

मला भीती यंत्राची नव्हती, वडिलांची होती. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते साताऱ्याकडं, मेढ्याजवळ आमच्या गावी राहत. मुलगी सांगलीला विश्रामबागेत शिकायचं सोडून स्टेजवर उड्या मारते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी निरोप धाडला, नाटक बघतो, मनास आलं नाही तर त्याच गाडीनं तुला घेऊन येतो. वडिलांचा शब्द म्हणजे शब्द. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. मला परत नेलं असतं तर माझ्यामागून कुणाला धाडायचं नावही कुणी काढलं नसतं.

गंमत म्हणजे ती नक्कल मला वडिलांनीच शिकवली होती. रजेवर आले की अंगणात डोक्यावरची टोपी उडवून ते आम्हांला हसवायचे. तालमीत मी तशीच करून दाखवली तर बसवणारा वैतागला. म्हणाला, सगळं उलटं करतेस. टोपी डावीकडून उजवीकडे पळते, पोलिसाचा दांडका उजव्या हातात असतो. सिनेमा कधी बघितलायस का, असंही विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. जत्रेतल्या तंबूत आमच्या लोकांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवत, आणि वडिलांनी लहानपणी सगळे सिनेमे तिथूनच पाहिले होते. आम्ही बौद्ध झालो त्याला दहा वर्षं होत आली होती, तरी त्या वकिलांच्या पोराला हे सांगायला जीभ रेटेना. मुकाट्यानं त्याच्या बाजूनं घोटून घेतलं.

संमेलनाच्या दुपारी वडील कोटावर पदकं लावून तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. विंगेतून मला तेवढेच दिसत होते. यंत्रानं दोघांचा श्वास तोडला, सभागृह चिडीचूप झालं आणि माझी पाळी आली. त्यांनी शिकवलेली नक्कल त्यांच्याच समोर दुरुस्त करून दाखवायची, या कल्पनेनं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी धावत पडद्यामागून पलीकडच्या विंगेत गेले आणि उलट्या बाजूनं शिरले. पोलीस झालेला पोरगा भलतीकडेच तोंड करून उभा. मी जाऊन धडकले आणि आम्ही दोघंही यंत्रावर कोसळलो. डबे घरंगळत पार पहिल्या रांगेपर्यंत गेले. लोक हसून हसून बेजार झाले. वडील तेवढे हसले नाहीत. पुढचं नाटक मी कसं केलं, मला आजही आठवत नाही.

संपल्यावर वडील मागं आले. त्यांच्या देखतच बसवणारा माझ्यावर उखडला, बाजू का बदललीस म्हणून. वडील पुढं झाले.

"ती चुकली न्हाई, गड्या. आमी पडद्याच्या मागनं बघायचो. तिकडनं असंच दिसायचं."

त्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी बोलायला गेला, पण वडिलांनी हातानंच थांबवलं.

"म्होरच्या नाटकात तुझ्या बाजूनं करून घे तिच्याकडनं," ते म्हणाले. "ती आता म्होरं बसून बघती."

मला रडू आवरेना. वडील एकटेच साताऱ्याच्या गाडीत बसले.