रुख्माबाईचा उजवा हात

मौद्याच्या रस्त्यावर जागेश्वरजींचा मिरचीचा सातरा होता. सातरा म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडायची जागा. पुढं तो माल नागपूरच्या बाजारात जाई. बायका दिवसभर ठसकत, खिदळत बसत. जितकी मिरची खुडली तितकी मजुरी, आणि त्यात रुख्माबाई सगळ्यांच्या मागं. बाई आळशी मुळीच नव्हती. ती फक्त डाव्या हातानं खुडायची.

उजवा तिनं लेकरांसाठी राखला होता. तिखटानं माखलेल्या हातांनी आया आपल्या पोरांना शिवणार कशा? कुणी रडलं की रुख्माबाई उठे, त्या एका कोरड्या हातानं नाक पुशी, पाणी पाजी, थोपटी. तिला स्वतःचं मूल नव्हतं. याचं दुःख ती बोलून दाखवत नसे, पण सातऱ्यावरचं एकही लेकरू तिला परकं वाटलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली जागेश्वरजी थकले आणि कारभार मुलाच्या, चंद्रभानच्या हाती आला. पोरगा कष्टाळू. मोठे व्यापारी उरावर बसलेले. छोटा धंदा टिकवायचा तर प्रत्येक जागेचं काम पुरेपूर निघालं पाहिजे, हे त्यानं मनावर घेतलं. त्याचं अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही.

"मावशी, उद्यापासून येऊ नोको," तो म्हणाला. "तुह्या जागेवर दुसरी बाई बसवतो."

"बरं गा." एवढंच बोलून ती निघाली. त्या संध्याकाळी तिला चूल पेटवावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी नवी बाई दोन्ही हातांनी झपाझप खुडू लागली. चंद्रभान खूश. दुपारी तिच्या शेजारी बसलेल्या कांताबाईचं तान्हं रडायला लागलं. आईला राहवेना, म्हणून तिनं पदराला हात पुसून त्याला उचललं, आणि त्याच्या डोळ्याला तिखट लागलं. ते असं किंचाळलं, की सगळ्यांचे हात थांबले. कुणी पाण्याला धावली, कुणी आपलं पोर पुढं घालून घरचा रस्ता धरला. मिरचीचे ढीग तसेच पडून राहिले.

चंद्रभान भर उन्हात रुख्माबाईच्या दारी गेला. काय बोलायचं ते वाटेत जुळवत आला होता. त्याला पाहताच तीच म्हणाली, "कोणाचं लेकरू रडून राहिलं गा?"

"कांताचं. आता गप आहे. मावशी, तुले रोजानं ठेवतो. नुसती लेकरं सांभाळ, मिरची खुडू नोको."

"काहून? बाया मले फुकटखाऊ म्हणतीन ना! माह्या एका हाताचं काम मी करीन."

तो आणखी काही बोलणार होता. पण ती पायांत चपलाही न घालता सातऱ्याकडे निघाली होती.