गुन्नेलचा डाव

फुटबॉलच्या मैदानात गुन्नेल हेडरनं, म्हणजे डोक्यानं, गोल करायची आणि तो चेंडू डावीकडून मायकेननं दिलेला असायचा. हेल्व्हिकच्या कागद गिरणीत दोघी एकाच पाळीला होत्या, पाळी संपली की तशाच मैदानावर. पुढे गुन्नेलचा गुडघा गेला. ती कोच झाली, मायकेन क्लबच्या कमिटीवर गेली. बायकांच्या संघाला तेव्हा कपडे बदलायला पुरुषांची खोली रिकामी होईपर्यंत थांबावं लागे. त्याच संघाला गुन्नेलनं वर्षानुवर्षं घासून एकेक पायरी वर नेलं आणि एका शरद ऋतूत हेल्व्हिक देशातल्या सगळ्यात वरच्या गटात पोचलं.

त्या हिवाळ्यात मैदान बर्फाखाली होतं आणि गुन्नेल रोज मायकेनच्या स्वयंपाकघरात. वरच्या गटात आपल्या पोरी पळण्यात कमी पडणार, म्हणून मागे पाच जणी ठेवायच्या, मधली जागा मुद्दाम सोडून द्यायची आणि चेंडू मिळाला की थेट डावीकडे. कॉफीचे कप आणि साखरेचे खडे टेबलावर सरकवत ती हे समजावायची. मायकेन शंका काढायची, गुन्नेल डाव सुधारायची. हे आणखी कुणालाही ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये क्लबची वार्षिक सभा झाली. अध्यक्ष सिग्वार्डनं गुन्नेलचे आभार मानले, फुलं दिली आणि नवा कोच दक्षिणेकडून येत असल्याचं सांगितलं. निर्णय कमिटीनं एकमतानं घेतला होता. एकमतानं म्हटल्यावर गुन्नेलनं मायकेनकडे पाहिलं. मायकेन केक कापत होती.

बाहेर गाड्यांपाशी तिनं मायकेनला गाठलं.

"तूही हात वर केलास?"

"केला."

"मला आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडली असतीस, आणि मग माझा हात वर गेला नसता," मायकेन म्हणाली. "वरच्या गटाचं काम तुझ्या आवाक्यातलं नाही, गुन्नेल. आपण पुन्हा खाली आलेलं मला बघवलं नसतं."

गुन्नेलनं फुलं मागच्या सीटवर टाकली आणि घरी गेली. मायकेनला खरंच तसं वाटत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. माणसाला वाटू शकतं.

मे महिन्यात ती तिकीट काढून पहिल्या घरच्या सामन्याला गेली. मागे पाच जणी होत्या. मधली जागा सोडलेली. चेंडू मिळाला की थेट डावीकडे. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बघ, ह्याला म्हणतात डोकं. दक्षिणेकडची माणसं शिकून येतात." पलीकडे कमिटीच्या बाकावर मायकेन नव्या कोचच्या बायकोशेजारी बसली होती. हात वर केल्याचं गुन्नेलनं एकवेळ पचवलं असतं. मध्यंतराला ती उठली आणि निघून गेली.

हेल्व्हिक त्या वर्षी वरच्या गटात टिकलं. पेपरात नव्या कोचची मुलाखत आली.

गुन्नेलनं नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या सोलोस या प्रतिस्पर्धी गावाचा संघ घेतला. हेल्व्हिकमध्ये सोलोसचं नाव काढलं तरी लोक नाक मुरडत. तिची सख्खी बहीण म्हणाली, "तिकडे जाण्यापेक्षा घरी मोजे विण." पण गुन्नेल गेली. सोलोस एकदा वर चढलं, पुन्हा खाली आलं. पोरींचा तिच्यावर जीव होता. फक्त एक तक्रार असायची, की पुढच्या सामन्यात काय करायचं ते ती मैदानात उतरायच्या जरा आधी सांगते, त्याआधी मदतनीस कोचलासुद्धा नाही.

तिच्या साठीला पोरींनी क्लबच्या खोलीत मेजवानी केली. मायकेनला कुणी बोलावलं कोण जाणे, पण ती आली. गुन्नेलनं तिला बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली. दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, बंद पडलेल्या गिरणीबद्दल बोलल्या, एकदा हसल्यासुद्धा. मग मायकेननं कप बाजूला सारला आणि जुन्या सवयीनं कोपरं टेबलावर टेकली.

"यंदा काय डोक्यात आहे? कसं खेळवणारेस ह्यांना?"

"बघू," गुन्नेल म्हणाली आणि दुसऱ्या टेबलाला केक द्यायला उठली.