धुऱ्यावरची कणसं

हिवाळा लागला की तेल्हाऱ्याच्या आमच्या वावरात भोरड्यांचे थवे उतरायचे. ज्वारी हुरड्यावर आलेली असायची. मी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचो, डबा बडवायचो, घसा बसेस्तोवर ओरडायचो. संध्याकाळी घरी यावं तर आई ओसरीच्या आढ्याला कणसांची जुडी बांधत असायची. पाखरांसाठी.

"दिवसभर मी हाकलून राहिलो, अन् तू त्यायले जेवाले बोलावून राहिली?"

"वावरातून हाकललं म्हणूनच तं अंगणात बोलवा लागते," ती म्हणायची.

भोरड्या काही घरी येत नसत. यायच्या त्या चिमण्या, होले, एखादा राघू. पण आईच्या लेखी पाखरू ते पाखरू.

आता तिकडे सगळी कपाशी अन् सोयाबीन. तरी धाकटा भाऊ धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, आईसाठी ज्वारीच्या दोन ओळी टाकतो. वडील गेल्यापासून ती अमरावतीत माझ्याकडे असते. जुडी एसटीने येते, पोर्चच्या कडीला लटकते, आणि हिवाळाभर आमचा सकाळचा चहा पाखरांच्या भांडणात होतो.

गेल्या हिवाळ्यात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायला ती माझ्या बहिणीकडे अकोल्याला गेली. मी नुकतीच गाडी घेतली होती. ती उभी पोर्चमध्ये, जुडीच्या खालीच. रोज सकाळी टपावर घाण, काचेवर भुसा. एका सकाळी मी जुडी सोडली आणि घंटागाडीत टाकली. अर्धी अजून दाण्यांनी भरलेली होती.

आई परतली. "जुडी कुठं हाये?"

"खाल्ली पाखरायनं," मी म्हणालो.

दाणे नाहीत तर पाण्याला तरी पाखरं येतील म्हणून मातीच्या परळात पाणी भरून ती पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसली. तशीच रोज बसायची. एक दिवस म्हणाली, "बाबू, आपरेशन काही बसलं नाही वाटते. गाडी दिसते, गेट दिसते, पाखरंच दिसून नाही राहिले. चिवचिवबी नाही. कानबी गेले काय माहे?"

मी हसलो. हसण्यावारी नेलं, असं म्हणणं जास्त खरं. मग तिने बाहेर बसणं सोडलं. बहिणीचा फोन आला, दुसऱ्या डोळ्याची वेळ घ्यायची होती. आईने तिला साफ सांगितलं, "एकानं काय दिवे लावले? मले नाही करा लागत दुसरा."

त्या दिवशी दुपारभर मी घरातल्या घरात फिरत राहिलो. शेवटी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"आई, डोळे चांगले हायेत तुहे. पाखरंच येऊन नाही राहिले. जुडी मी फेकली."

तिने नव्या डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कुठं?"

"घंटागाडीत."

"दाणे होते?"

"होते."

"बाप्पा! वावरातूनबी तूच हाकललं, अन् इथूनबी तूच!"

तेवढं म्हणून ती उठली. रात्री जेवलीही. ते मला जास्त लागलं. आपला डोळा फुकट गेला असं समजून ती इतके दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती, ते एका गाडीच्या टपासाठी.

भावाने उरलेली कणसं पाठवली. गाडी आता रस्त्यावर, लिंबाखाली उभी असते. पाखरं लगेच आली नाहीत. रुसल्यासारखी तारेवरच बसायची. मग एका सकाळी आई म्हणाली, "तो पाह्य, होला." मला दिसेना. "जुडीच्या मांगं रे! तुलेच चष्मा लागला काय?"

दुसऱ्या डोळ्यासाठी ती अकोल्याला निघाली, तेव्हा मी बसपर्यंत सोडायला गेलो. औषधं, पथ्य, कशाबद्दल काही बोलली नाही. खिडकीतून एवढंच म्हणाली, "जुडीकडे पाह्यजो."