नाव पुकारलं की उत्तर द्यायचं

टेबलाच्या कडेवर डस्टर दोनदा आपटायचं, पांढरी धूळ उठायची आणि मास्तर हजेरी सुरू करायचे. मिरजेच्या आमच्या शाळेतला तो आवाज अजून कानात आहे. आडनावं ठरल्या क्रमाने यायची, प्रत्येकामागून एक 'हजर' यायचं, कुणाचं जाड, कुणाचं किनरं, आणि सगळ्यांची मिळून एक चाल व्हायची. पुढचा तास कवितेचा. भुजंगप्रयात मला गण पाडून कधी नीट समजलं नाही. ते हजेरीनेच आधी कानात बसवून ठेवलं होतं, असं आता या वयात वाटतं.

तो सूर पुन्हा ऐकला तो थेट जपानात. तोक्योजवळच्या एका संशोधनसंस्थेत माझा पहिला दिवस होता. सकाळपासून सगळे अदबीने 'दातारु-सान' म्हणत होते आणि दर वेळी मला वाटे, हे माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी बोलावताहेत. एवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाकडून खणखणीत हाक आली, "दातार!" माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, "हजर!"

पांढऱ्या कोटातल्या एक बाई हसत पुढे आल्या. "मराठी शाळेतले दिसता," म्हणाल्या. "मी प्रमिला सबनीस. डबा आणलाय का? नसेल तर माझ्यातला अर्धा."

ती आमची पहिली ओळख. यंदा प्रमिलाताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने चार शब्द लिहावेत, अशी संपादकांची इच्छा आहे. ताईंची नाही. समारंभाचं सांगायला गेलो तेव्हा त्यांनी हॉल विचारला नाही, पाहुणे विचारले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नलिनी येणार आहे का?" नलिनीताई म्हणजे त्यांची जुनी मैत्रीण. नलिनीताईंना आमंत्रण गेलं होतं, लेखाची विनंतीही गेली होती. दोन्हींना जबाब नव्हता.

त्याबद्दल पुढे सांगतो. आधी कामाबद्दल.

ताईंचं काम गंजाचं. समुद्राकाठच्या पुलांचं लोखंड आतून कसं खाल्लं जातं, हे त्या आयुष्यभर शोधत आल्या. एकदा एका नवख्या जपानी विद्यार्थ्याचे निष्कर्ष ताईंच्या जुन्या निबंधाशी जुळेनात. बिचारा घाबरून स्वतःच्याच चुका शोधत बसला. सभेत ताई उठल्या आणि साऱ्यांदेखत म्हणाल्या, "याचं बरोबर आहे. भिंतीवरचा माझा आलेख काढून टाका." विद्यार्थी इतका वाकला की त्याचा चष्मा खाली पडला. लोखंड जे सांगेल ते आपण सांगायचं, आपल्या मनातलं नाही, असं त्या म्हणत. त्या वेळी मला ते विज्ञानापुरतं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी फुनाबोरीच्या सार्वजनिक सभागृहातल्या एका खोलीत रविवारचा मराठी वर्ग सुरू केला. जोडीला नलिनीताई होत्या. अमेरिकेत शिकताना दोघी एका खोलीत राहिल्या, तिथल्याच नागरिक झाल्या आणि पुढे ताई संस्थेच्या कामाने, नलिनीताई यजमानांच्या नोकरीमुळे अशा दोघीही इकडे आल्या. वर्गाची सुरुवात हजेरीने. वही नाही, नावं ताईंना पाठ. आधी शिक्षकांची, मग मुलांची. इथे वाढलेली मुलं सवयीने जपानी 'हाई!' म्हणत. ताई थांबत. मूल 'हजर' म्हणेपर्यंत पुढचं नाव नाही.

आता पक्षाचं ते अधिवेशन, जिथून नलिनीताईंचा अबोला सुरू झाला. काही वर्षांपूर्वी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी या दोघींच्या पक्षाला उमेदवार निवडायचा होता. परदेशी राहणाऱ्या सभासदांनाही अधिवेशनात आपले प्रतिनिधी पाठवता येतात. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे माझं काम फक्त खुर्च्या मांडण्याचं. इथल्या सभासदांचा कौल एका माजी राज्यपालांच्या बाजूने पडला. ताई आणि नलिनीताई त्यांच्यासाठी जीव तोडून राबल्या होत्या. त्यांच्या बाजूच्या प्रतिनिधी म्हणून ताईंना पाठवायचं ठरलं.

ताई तिथे पोचल्या आणि त्या उमेदवाराने माघार घेतली. आपल्या प्रतिनिधींना त्यांनी शब्दातून मोकळं केलं. समोर उरलेला उमेदवार नलिनीताईंना मुळीच मान्य नव्हता. ताईंनाही नव्हता.

दुसऱ्या कुणी मनाला येईल तसं मत दिलं असतं. ताईंनी काय करावं? ज्यांनी पाठवलं त्या सगळ्यांना जपानात एकेक करून फोन केले. नलिनीताईंना फोन आला तेव्हा त्या आमच्याच घरी, हिगाशी-कसाईत, सकाळचा चहा घेत होत्या. त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणून आम्हा नवराबायकोलाही ऐकू आलं.

"नलू, तुम्ही मला ज्यांच्यासाठी पाठवलंत ते आता उभे नाहीत. सगळ्यांना विचारतेय. तू सांग."

"मी काय सांगायचं? त्या माणसाला मत? माझ्याकडून तरी नाही."

"तुझं कळलं. पण बहुतेकांचं म्हणणं, आता त्यालाच द्या."

"मग गप्प बस ना! तटस्थ राहा. कुणी मारतंय का तुला?"

"हजेरीत नाव पुकारल्यावर गप्प बसलं तर गैरहजेरी लागते, नलू. तुम्ही मला गैरहजर राहायला पाठवलेलं नाही."

"आणि तुझं मन? ते काय म्हणतं?"

मग ताई म्हणाल्या, "माझं मन तुझ्याचबरोबर आहे. पण इथे माझं मन पाठवलेलं नाही, मला पाठवलंय."

नलिनीताईंचा चहा तसाच राहिला.

मतदान बघायला आम्ही सगळे वर्गाच्याच खोलीत जमलो. मुलांना उन्हाळी सुट्टी होती, त्यामुळे तीही होती. पडद्यावर एकेका राज्याचं नाव पुकारलं जात होतं आणि कुणीतरी उठून आपल्या माणसांच्या वतीने उत्तर देत होतं. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार, आणि रीत आमच्या मिरजेच्या वर्गातली! मी तर डोळे मिटूनच ऐकत होतो. परदेशस्थ सभासदांचं नाव पुकारलं गेलं आणि खोलीतली मुलं, कुणी न सांगता, एका सुरात ओरडली, "हजर!"

सगळे हसले. इरकली नेसलेल्या ताई पडद्यावर उभ्या राहिल्या. "जपानमधल्या सभासदांनी मला पाठवलं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारून, त्यांच्या वतीने मी हे मत देते." आणि त्यांनी त्या दुसऱ्या उमेदवाराचं नाव घेतलं.

टाळ्या पडल्या. नलिनीताई उठल्या. माघार घेतलेल्या उमेदवाराच्या नावाचा, स्वतःच्या हाताने रंगवलेला फलक त्यांनी भिंतीवरून उतरवला. डोळे भरलेले, आणि हात चिकटपट्टी सोलत होते. पुठ्ठा एका पिशवीत, प्लॅस्टिकची पट्टी दुसरीत. खोली होती तशी रिकामी करून द्यायची असते, कचरा वेगळा करून न्यायचा असतो. वर्षानुवर्षं इथे राहिलेल्या माणसाचा राग असाच असतो. दोन्ही पिशव्यांना गाठी मारून त्या दारात थांबल्या. "भाऊजी, प्रमिला परत आली की तिला सांगा, माझ्याकडे यायचं नाही."

त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत. पुढे घर बदलून उरायासुला गेल्या. गाडीने गेलं तर किती दूर आहे? पण ते अंतर दोघींपैकी कुणी ओलांडलं नाही.

ताईंनी कधी सफाई दिली नाही. मी एकदा म्हटलंही, "त्यांना समजावून सांगा ना, तुमचंही मन त्यांच्यासारखंच होतं."

"तिला माहीत आहे, दातार," ताई म्हणाल्या. "माहीत आहे म्हणूनच रागावलीय."

मात्र एक गोष्ट वर्गातलं प्रत्येक मूल जाणतं. रविवारी हजेरी सुरू होते तेव्हा शिक्षकांमध्ये ताई अजूनही पहिलं नाव नलिनीताईंचं घेतात. घेतात आणि थांबतात. कवितेची एक ओळ म्हणून व्हावी, इतकं थांबतात. मग पुढचं नाव.

आमच्या सौ. मालतीचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई रोज दवाखान्यात येत. डॉक्टरांचं बोलणं आम्हाला मराठीत सांगत, मालतीचा प्रश्न जपानीत त्यांना विचारत, आणि मध्ये स्वतःचा एक शब्द घालत नसत. एकदा मीच काकुळतीला येऊन विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी आधी डॉक्टरांचं वाक्य पुरं केलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता माझं सांगते. मला वाटतं, ती बरी होणार." दुसऱ्याचा शब्द आणि आपला शब्द यांची सरमिसळ न करणं हीदेखील माया असू शकते, हे मला त्या हाताने शिकवलं.

ताईंना उदंड आयुष्य लाभावं, गुडघे चालत राहावेत, आवाज असाच खणखणीत राहावा. पुढच्या कित्येक रविवारी त्यांनी आमची नावं घ्यावीत आणि त्या नावांना उत्तर यावं, एवढंच

इथवर लिहिलं आणि दाराची घंटा वाजली. वाक्य अर्धंच राहिलं. संपादकांनी ते तसंच ठेवावं. मालती लगबगीने गेली, आणि तिचा आवाजच येईना म्हणून मीही उठलो. दारात नलिनीताई उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेत. हातात मिठाईचा डबा, फुरोशिकीच्या जपानी रुमालात नीट बांधलेला.

"आत बोलावणार की नाही, भाऊजी?"

"या, या ना!"

त्या आत आल्या नाहीत. चपलांकडे बघत म्हणाल्या, "दर रविवारी माझं नाव घेते म्हणे अजून?"

"घेतात. आणि थांबतात."

"वेडी आहे," त्या म्हणाल्या. डबा त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "वर्ग त्याच वेळेला असतो ना? मग घाला चपला. आज रविवारच आहे."