कापलेली हिरवी तार

गोंदियात माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान १९९९ पासून आहे. पहिली दहा-बारा वर्षं मुख्य काम धर्मकाट्यांचं होतं. ट्रक काट्यावर चढतो, वजनाच्या डब्यावर अंक उमटतात आणि तेच अंक वायरने कम्प्युटरकडे जातात. ही वायर बनवायची, उंदरांनी कुरतडली की पुन्हा बनवायची. मला याद्यांची सवय असल्याने दुकानात एक जाड वही होती आणि तिच्यात प्रत्येक कामाला एक पान. काट्याच्या वायरीच्या पानावर पहिलीच ओळ होती: तीनच तारा ठेवणे, पाठवणारी, घेणारी आणि अर्थिंगची, बाकीच्या मुळाशी कापून टेप लावणे.

हा नियम पुस्तकातला नव्हता. मोकळ्या सोडलेल्या तारा दमट हवेत एकमेकींना लागून काय काय होतं ते मी दोन-तीन काट्यांवर उन्हात उभी राहून शिकले होते. त्यामुळे वायर हातात आली की माझा कटर आधी जास्तीच्या तारांवर चालायचा, डोकं नंतर.

२०१३ च्या दिवाळीत नागऱ्याच्या रस्त्यावरच्या एका उसना मिलसाठी मी एक पेटी बनवून दिली. उसना मिल म्हणजे उकडा तांदूळ करणारी मिल. धान गरम पाण्याच्या मोठ्या टाकीत काही तास भिजतं, मग वाफवतात, वाळवतात, भरडतात. भिजवण कमी झाली तर दाणा पोटात पांढरा राहतो, जास्त झाली तर टरफल फाटतं आणि आंबूस वास येतो. माझी पेटी टाकीतलं तापमान बघायची, तास मोजायची, वेळ भरली की भोंगा वाजवून पाणी सोडायची झडप उघडायची. आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड होता. तास किती, हे त्याच्या प्रोग्राममध्येच लिहिलेलं. बाहेर बटणं ठेवायला मिलच्या मालकाने, सेठने, नकार दिला होता. ‘बटन रहेगा तो हर कोई दबाएगा,’ असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

पेटीच्या आधी हे सगळं तिथला मिस्त्री करायचा. साठीला टेकलेला, बारीक अंगाचा माणूस. शिडीवरून टाकीवर जाऊन मूठभर धान काढायचा, वास घ्यायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि खाली ओरडायचा, ‘सोडा पानी.’ त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा हुकली, कारण हंगामात त्याच्याशिवाय टाकी कोण बघणार? आता तिसरी तारीख सोमवारची होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता उशीर करू नका. सेठची अट एकच: ‘मशीन संभाल ले, तो जाओ.’

मशीनने दिवाळीपासून सांभाळलं होतं, पण डिसेंबरची थंडी पडल्यावर पाणी लवकर निवायला लागलं आणि दाणे पोटात पांढरे निघू लागले. मिस्त्रीच्या हिशेबाने भिजवण दीड तास वाढवायला हवी होती. म्हणजे प्रोग्राममधला एक आकडा बदलायचा. मी शनिवारी सकाळी स्कूटर काढली. वहीत त्या दिवशी चार कामं लिहिली होती आणि मिलचं काम अर्ध्या तासाचं धरलं होतं.

पेटी वर टाकीजवळ होती. तिथून पाच-सहा मीटर वायर खाली मिलचा हिशेब ठेवणाऱ्या मुनीमजींच्या खोलीत येत होती आणि एका छोट्या अॅडाप्टरमधून कम्प्युटरला लागत होती. या वायरीवरून मुनीमजी रोज तापमान बघायचे. मी आकडा बदलला, प्रोग्राम पाठवला. कम्प्युटर थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, बोर्ड उत्तर देत नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. तापमान मात्र व्यवस्थित दिसत होतं, म्हणजे वायर चांगली आहे अशी मी खूणगाठ बांधली आणि दोष मुनीमजींच्या कम्प्युटरला दिला.

‘काय काय भरून ठेवलंय यात तुम्ही?’ मी म्हणाले. ‘व्हायरस असणार.’

‘मॅडम, इसमें तो बस हिसाब है और हनुमान चालीसा,’ मुनीमजी दुखावल्या आवाजात म्हणाले.

मी माझा लॅपटॉप लावला. तोही तेच म्हणाला. मग मी लांब वायरीला दोष दिला, मग भरडाईच्या मोटरला. अॅडाप्टरची पाठवणारी आणि घेणारी पिन एकमेकींना जोडून बघितली, टाइप केलेलं अक्षर जसंच्या तसं परत आलं. अॅडाप्टर ठीक होता. मोटर पाच मिनिटं बंद ठेवायला लावली, तरी फरक नाही.

अशा बोर्डाची एक रीत असते. नवा प्रोग्राम भरायचा तर बोर्ड आधी रीसेट व्हावा लागतो, म्हणजे पहिल्यापासून सुरू व्हावा लागतो. सुरू होताना तो जेमतेम सेकंदभर कान देतो, कोणी काही भरायला आलंय का म्हणून. कोणी नसेल तर जुनं काम चालू करतो. बोर्डावर रीसेटचं बटणही असतं, पण वाफेने आणि कोंड्याच्या धुळीने ते गंजू नये म्हणून मीच त्यावर एपॉक्सी ओतून सगळं दगडासारखं घट्ट केलं होतं. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

मग मी म्हटलं, पेटीची वीजच बंद-चालू करू. वीज आली की बोर्ड सुरू होणारच, त्याच क्षणी मी प्रोग्राम पाठवते. मिस्त्री वर स्विचवर, मी खाली लॅपटॉपवर, मध्ये दारात मुनीमजी.

‘टाकू काय?’ मिस्त्री वरून.

‘टाकूं क्या, पूछ रहा है,’ मुनीमजी माझ्याकडे.

‘थांबा! आता!’

‘अभी डाल!’

‘टाकलं ना बाप्पा, कवाचं!’

असं पंधरा-वीस वेळा झालं. बाजूला हमाल येऊन उभे राहिले, एकाने क्रिकेटसारखी कॉमेंटरी सुरू केली. शेवटी मिस्त्री खाली उतरला, गमछ्याने तोंड पुसलं आणि माझ्यासमोर बसला.

‘बाई, तुमची पेटी बोलूनच नाई राहिली काऊन?’

‘बघते आहे.’

‘सोमवारचं काय मंग? राहू देऊ काय?’

तो सहज विचारत होता. दोनदा राहू दिलेल्या माणसाला तिसऱ्यांदा विचारणं सोपं जातं. मला मात्र ते बरं वाटलं नाही. मी लॅपटॉप मिटला, चहा मागवला आणि कोरा कागद घेतला. एका बाजूला काय चालतंय ते लिहिलं, दुसऱ्या बाजूला काय चालत नाही ते. चालतंय: अंक येणं, अक्षर परत येणं, दुकानाच्या टेबलावर याच बोर्डात प्रोग्राम भरणं. चालत नाही: इथे भरणं. टेबलावर आणि इथे फरक कशाचा? बोर्ड तोच, लॅपटॉप तोच, अॅडाप्टर तोच. टेबलावर मी बाजारची तयार, वीतभर वायर लावली होती. इथली वायर मी बनवलेली.

मीटर काढला. पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांखेरीज कम्प्युटरकडे इशाऱ्याची एक तार असते, तिला डीटीआर म्हणतात. कम्प्युटरने पोर्ट, म्हणजे वायरीकडे जाणारं आपलं दार, उघडलं की तिच्यावरचं व्होल्टेज पाचावरून शून्यावर पडतं आणि त्या धक्क्याने बोर्ड आपोआप रीसेट होतो. बटण कोणी दाबावं लागत नाही. मी अॅडाप्टरच्या पिनवर मीटर धरला. पोर्ट बंद, पाच व्होल्ट. उघडलं, शून्य. इशारा इथून निघत होता.

मग वायरीच्या प्लगची टोपी उघडली. आत तीन तारा लावलेल्या. बाकीच्या तीन, त्यांत डीटीआरसाठी लागणारी हिरवीही, मुळाशी कापलेल्या, वर पिवळी टेप, टेपचं टोक दुमडलेलं. पुढच्या माणसाला काढायला सोपं जावं म्हणून मी ते नेहमी दुमडते. पुढचा माणूस मीच निघाले.

वजनाच्या डब्याला कोणी इशारा करावा लागत नाही, तो आपला अंक ओतत असतो. चौदा वर्षं मी तशाच डब्यांना वायरी लावल्या होत्या आणि त्याच हाताने हीही लावली होती. वीज बंद-चालू करून काही का झालं नाही, तेही मला नंतर वाचून कळलं: या बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्राम रीसेटच्या तारेने उठवलं तरच कान देतो, नुसती वीज आली तर सरळ जुन्या कामाला लागतो.

मी मिस्त्रीला प्लग दाखवला. ‘दोष माझा आहे. ही हिरवी तार लागते. मीच कापली.’

त्याने प्लग डाव्या डोळ्याजवळ नेऊन बघितला. ‘लागते तं मंग कापली कायले?’

‘और बदनाम हुआ हमारा कम्प्यूटर,’ मुनीमजी म्हणाले. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती मान डोलावून घेतली आणि सोल्डरिंग आयर्न लावायला आपल्या पंख्याचा प्लग काढून दिला.

वायरीचं कव्हर बोटभर सोलून हिरवी तार बाहेर काढली, डीटीआरच्या पिनला जोडली, प्रोग्राम पाठवला. काही सेकंदांत भरला. वर पेटीवरचा दिवा तीनदा मिचकला. पहिल्यापासून सुरू झाल्याची ती खूण मीच ठेवली होती. हमालांनी टाळ्या वाजवल्या. टाकी भरली, पाणी तापवायला वाफ सोडली, घड्याळ सुरू झालं. वायर पुन्हा मुनीमजींच्या कम्प्युटरला लावून मी सामान आवरायला घेतलं.

तासाभराने मिस्त्री शिडीवरून ओरडला, ‘बाई, दिवा पुन्हा तीनदा मिचकला!’

‘नाही हो, एकदाच मिचकतो तो आता. दर मिनिटाला.’

‘माझा एकच डोळा कामाचा हाय, तरी मले दिसलं. तुमचे दोन काय करून राहिले?’

मी वळले. मुनीमजींनी नुकतीच कम्प्युटरवर तापमानाची खिडकी उघडली होती. नेहमीसारखीच. खिडकी उघडली म्हणजे पोर्ट उघडलं, पोर्ट उघडलं म्हणजे इशारा गेला, बोर्ड रीसेट झाला आणि भिजवणीचा तास पुसून घड्याळ शून्यावर आलं. तार कापलेली होती तेव्हा मुनीमजी दिवसातून दहा वेळा बघायचे आणि काही बिघडायचं नाही. आता ते बघतील तितक्या वेळा धान पुन्हा पहिल्यापासून भिजायला लागणार होतं. मिस्त्री सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेला आणि इथे टाकी आंबलेली, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. ती टाकी त्याने त्या दिवशी वास घेऊनच सोडली.

उपाय साधा होता. हिरव्या तारेच्या मध्ये एक स्विच. भरायचं असेल तेव्हा तार जोडलेली, बाकी सगळा वेळ तुटलेली. दुकानातून स्विच आणला, प्लगजवळ बसवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: ‘इसे बंद ही रखें.’ मुनीमजींनी खाली स्वतःच्या अक्षरात ‘मुनीम भी’ असं जोडलं.

रविवारी सकाळी पूर्ण एक टाकी चालवून बघितली. मी मुनीमजींना पुन्हा पुन्हा खिडकी उघडायला लावली. दिवा मिनिटाला एकदाच मिचकत राहिला. वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, सेठ खुर्ची टाकून बसला होता. वेळ भरली, भोंगा वाजला, झडप उघडली. मिस्त्रीने धान काढलं, नाकाशी नेलं, दाणा फोडला, फोडलेला दाणा डाव्या डोळ्यापाशी धरून बराच वेळ बघितला.

‘चालते,’ तो म्हणाला.

‘तो जाओ,’ सेठ म्हणाला आणि खुर्चीवरून उठला.

मिस्त्री दुपारीच पिशवी घेऊन निघाला. फाटकाशी थांबून मला म्हणाला, ‘भोंगा वाजला तरी एकदा वास घेऊन पाहा बरं.’

सोमवारी मी दुकान बंद ठेवून मिलवर गेले, शिडी चढले आणि मूठभर ओलं धान नाकाशी धरलं. मला नुसतं गरम धान कळलं, बाकी काही नाही. भोंगा वेळेवर वाजला. चारच्या सुमाराला त्याच्या मुलीचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती, बाबा पेज प्यायले होते.

‘आणि विचारून राहिले,’ ती म्हणाली, ‘धान कसं निघालं?’

मी फोन कानाला धरूनच मुनीमजींकडे बघितलं. त्यांनी दाणा फोडून तळहातावर ठेवला आणि माझ्यापुढे केला. पोटात पांढरं नव्हतं.

‘बरं निघालं म्हणून सांग,’ मी म्हणाले. ‘आणि त्यांना झोपू दे आता.’