रुमाल गेला आणि बहिरेपण उघडं पडलं

गुळाच्या अडतीवर मी अर्धा बहिरा असूनही पुष्कळ वर्षं निभावलं, कारण तेव्हा सौदा बोटांनी व्हायचा. शेतकऱ्याच्या गुळाच्या रव्यांपुढं मी हात पुढं धरायचो, वर रुमाल टाकायचो, आणि एकेक खरेदीदार रुमालाखाली माझी बोटं दाबून भाव सांगायचा. त्यात कानाचं कामच नव्हतं. पेठेत कुणाला पत्ता लागला नाही. गडी कमी बोलतो, एवढंच म्हणायचे.

स्वातंत्र्यानंतर रुमाल बंद झाला, तोंडानं उघड लिलाव सुरू झाले. चांगलंच झालं म्हणा, रुमालाखाली लबाड्या काय कमी चालायच्या? पण माझं कंबरडं मोडलं. चारी बाजूंनी आरडाओरडा, आणि मी एकेकाच्या ओठांकडं बघत अंदाज बांधतोय. संध्याकाळी डोकं असं भणभणायचं, की जेवणसुद्धा नको वाटायचं.

एकदा पन्हाळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा गूळ होता. पाठीमागून कुणीतरी भाव वाढवला. मला ऐकूच आलं नाही, मी समोरच्याला माल देऊन मोकळा झालो. शेतकऱ्यानं माझा सदरा धरला आणि तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "त्यो मागनं वरडतोय, आन् तुमी ह्याला देताय व्हय? किती खाल्लं, शेठ?"

मी बहिरा आहे म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण बहिऱ्याच्या हाती माल कोण देणार? चोर तर चोर, म्हणून गप्प बसलो. फार थकलो होतो.

बायको म्हणाली, बास झालं आता. गावात बोभाटा नको म्हणून आम्ही मिरजेच्या डॉक्टरांकडं गेलो. ते कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाले, "मुंबईत ऑपरेशन होतं. कान सुधारेल, नाहीतर आहे तेवढंही जाईल. ते नको असेल तर यंत्र घ्या. खिशात डबी आणि कानाला वायर."

वायर म्हणजे गावभर दवंडी. ऑपरेशन कुणाला दिसणार नाही. मी म्हणालो, "ऑपरेशनच करू."

डॉक्टरांनी बायकोला काहीतरी विचारलं. ती त्यांच्याशीही सवयीनं ओरडूनच बोलली, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "घरात मी वरडतेच की, साहेब. शेजारी म्हणत्यात, रोज भांडान. कैदाशीन म्हणत्यात मला. म्हणू द्यात. ह्यांचं कान गेल्यात त्ये पेठंत कळाय नगो." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् हाय तेबी गेलं, तर मी कुनाला वरडू?"

माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. यंत्र घ्यायचं ठरलं.

मुंबईहून यंत्र आलं. कानात घातलं तर नुसती खरखर. त्यातून एका बाईचा आवाज आला, घोगरा, चिरका, एखाद्या म्हातारीसारखा. चहा ठेवू का, विचारत होता. मी वळून पाहिलं, तर मागं बायकोच.

"घसा बसलाय का तुझा आज?"

"आज न्हाय. लई वर्सं झाली की."

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा कुणाला दिसू नये म्हणून ती वायर माझ्या कोटाच्या आत खोचत होती. मी तिचा हात बाजूला केला, वायर बाहेर काढली आणि तसाच लिलावाला गेलो.